दुबईत घर भाड्याने किंवा विकत घेताय? आधी तिथला सातबारा बघा

गेल्या वर्षभरात आमच्या गुहागर तालुक्यातल्या तीन घरांतून मला फोन आले आणि तिन्ही वेळा प्रश्न एकच, "ताई, पोराला दुबईत नोकरी लागलीय, रूमसाठी आधीच पैसे मागतायत, पाठवू का?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास समजावण्यापेक्षा म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढूया. खाडीपट्ट्यातली, खेड-दापोली-चिपळूणची कितीतरी मुलं आखातात जातात, आता मुलीही जातात, आणि घराच्या बाबतीत तीच तीच फसवणूक पुन्हा पुन्हा होते.

माझी स्वतःचीही झालीय. २०१७ साल, नवरा जहाजावर, मी एकटी दुबईत अकाउंट्सच्या नोकरीला लागलेली. अल नहदामध्ये एक स्टुडिओ बघितला, स्वच्छ, बाल्कनी असलेला, भाडं बाजारभावापेक्षा थोडं कमी. ज्याने दाखवला त्याच्याकडे कार्ड होतं, पावती पुस्तक होतं, शिक्का होता. डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून ६,५०० दिरहम कॅश दिले, चावी हातात मिळाली. शुक्रवारी दोन बॅगा आणि कुकर घेऊन चौथ्या मजल्यावर गेले, चावी कुलुपात गेली पण फिरेना. दोन-तीनदा प्रयत्न केला तेवढ्यात आतून दार उघडलं, समोर एक कुटुंब, आठवड्याभराच्या सुट्टीसाठी फ्लॅट घेऊन आलेलं. खाली नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, मला बघून म्हणाला, "सकाळपासून तुम्ही चौथ्या." त्या माणसाने आठवड्यासाठी फ्लॅट भाड्याने घेतला होता आणि तेवढ्या दिवसांत तो आम्हा सगळ्यांना दाखवून पैसे गोळा करून गेला.

आणि सगळ्यात लागून राहिलेली गोष्ट अशी की पैसे द्यायच्या आदल्या रात्री अप्पांनी फोनवर विचारलं होतं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" मी म्हटलं अप्पा इकडे सातबारा नसतो. असतो. नाव वेगळं आहे एवढंच.

पुढचं बरंचसं दुबईबद्दल आहे कारण ते मी स्वतः केलंय, इतर ठिकाणांचं शेवटाकडे थोडक्यात लिहिते.

१. गावातून पैसे पाठवू नका

घर बघितल्याशिवाय एक दिरहमही नाही. "मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो", "खूप लोक मागतायत, टोकन टाका म्हणजे जाहिरात काढतो", "फक्त पासपोर्टची कॉपी आणि हजार दिरहम द्या", यातलं एक जरी वाक्य ऐकलं तरी विषय तिथेच बंद करा. गावात बसलेल्या माणसाला घाई असते, पोराची तारीख जवळ आलेली असते, परक्या देशात तो पहिल्या रात्री कुठे झोपेल या काळजीने आई-वडील पैसे टाकतात. फसवणाऱ्याला ही काळजी बरोबर माहीत असते.

त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांची सोय वेगळी करा. कंपनीला लेखी विचारा की सुरुवातीची राहायची सोय आहे का. नसेल तर हॉटेल अपार्टमेंट किंवा ओळखीतल्या कोणाकडे. महाग पडेल, पडू दे.

२. बेड स्पेस घेताना

सुरुवातीला बहुतेक पोरं देरा, सतवा, करामा नाहीतर शारजात बेड स्पेसमध्ये, म्हणजे वाटून घेतलेल्या खोलीत एक पलंग भाड्याने घेऊन, राहतात. त्यात काही कमीपणा नाही, पण नियम समजून घ्या. दुबईत भाडेकरूला मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पुढे दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही, २००७ च्या २६ नंबरच्या कायद्यात ते स्पष्ट आहे. हॉलमध्ये प्लायवूड उभं करून पाडलेल्या खोल्या, ज्यांना सगळे पार्टिशन म्हणतात, त्या बेकायदा आहेत, जून २०२५ मध्ये दुबई म्युनिसिपालिटीने रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बर्शा अशा भागांत त्यावर मोठी कारवाई केली. अशा वेळी पैसे घेणारा गायब होतो आणि तुम्ही बॅगेसकट रस्त्यावर.

म्हणून विचारा, घराचा करार कोणाच्या नावावर आहे, आणि तुमचं नाव सहरहिवासी म्हणून दुबई रेस्ट या सरकारी अ‍ॅपवर घालणार का. २०२२ पासून घरात राहणाऱ्या सगळ्यांची नोंद तिथे करायची असते. भाडं महिन्याचं महिन्याला द्या, तीन-सहा महिन्यांचं एकदम नाही. आणि डिपॉझिट म्हणून पासपोर्ट कोणाकडे ठेवायचा नाही, कधीच नाही, दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवणं तिथे बेकायदा आहे.

३. जाहिरात आणि एजंट तपासा

दुबईत घराच्या जाहिरातीला लँड डिपार्टमेंटचा, म्हणजे जमीन-घरांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, परमिट नंबर लागतो, चांगल्या साइटवर जाहिरातीसोबत क्यूआर कोडही असतो. तो स्कॅन केला की घराची माहिती सरकारी पानावर दिसली पाहिजे. भाडं, बेडरूम, एरिया जाहिरातीशी जुळतंय का बघा. नुसत्या फेसबुक ग्रुपवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोंना यातलं काहीच नसतं.

एजंटकडे रेराचं, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचं, ब्रोकर कार्ड असतं, त्यावर त्याचा ब्रोकर नंबर. कार्डाचा फोटो बघून समाधान मानू नका. दुबई रेस्ट अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला की माणसाचं नाव आणि कंपनी येते. समोर उभा असलेला माणूस तोच आहे का बघा. खऱ्या एजंटला याचा राग येत नाही. कमिशन साधारण वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के असतं, ते कंपनीच्या नावाने आणि पावती घेऊनच द्यायचं.

भाडं आजूबाजूच्या बिल्डिंगपेक्षा फारच कमी असेल तर कारण विचारा आणि मिळालेलं कारण नातूरला जाऊन विचारा. नातूरइतकं बिल्डिंगचं कोणालाच माहीत नसतं. रिकामा फ्लॅट कोणता, मालक कोण, कोणती कंपनी भाडं घेते, या आधी किती जणांना दाखवला, सगळं. मी त्याच्याशी पहिल्या दिवशी पाच मिनिटं बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

४. घर बघायला जाताना

दिवसा जा, बरोबर कोणीतरी न्या. बिल्डिंगच्या दाराशी दहा आकडी मकानी नंबराची पाटी असते, तिचा फोटो काढा, फ्लॅट नंबरचा फोटो काढा, करारातला पत्ता पुढे याच्याशी जुळवायचा आहे. नळ सोडून बघा, एसी लावून बघा. एसीचं बिल कोण भरतं तेही विचारा, कारण काही बिल्डिंगमध्ये चिलरचं, म्हणजे बिल्डिंगच्या सामाईक एसीचं, बिल वेगळं येतं, त्याचं डिपॉझिटही वेगळं, आणि मग स्वस्त वाटलेलं घर उन्हाळ्यात महाग पडतं.

५. तीन नावं जुळवा

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

आपल्याकडे जमीन घेताना काय करतो? सातबारा बघतो, फेरफार बघतो, सामायिकात किती नावं आहेत ते मोजतो. आमच्या अप्पांनी एकदा घरामागची सहा गुंठे जागा घ्यायची सोडून दिली होती, सतरा नावांपैकी एका आत्याची सही नव्हती म्हणून. "ती काय नाही म्हणणारे होय" असं सगळे म्हणत होते, पण अप्पा म्हणाले मग सही आणा. हीच माणसं पोराला परदेशात पाठवताना मात्र फक्त फोटो बघून पैसे देतात.

तिथला सातबारा म्हणजे टायटल डीड. त्यावर मालकाचं नाव, बिल्डिंग, युनिट नंबर असतं. मालकाकडून किंवा एजंटकडून त्याची कॉपी मागून घ्या आणि लँड डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर किंवा दुबई रेस्टवर टायटल डीड पडताळणीची सोय आहे तिथे सर्टिफिकेटचा नंबर टाकून खरी आहे का बघा. पीडीएफमध्ये नाव बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून कॉपी हातात आली एवढ्यावर थांबायचं नाही.

मग तीन नावं शेजारी ठेवा. टायटल डीडवरचं नाव, करारावर सही करणाऱ्याच्या एमिरेट्स आयडी (तिथलं सरकारी ओळखपत्र) किंवा पासपोर्टवरचं नाव, आणि चेक ज्याच्या नावाने लिहायचा ते नाव. तिन्ही एक असली पाहिजेत, स्पेलिंगसकट. माझ्या वेळी करारावर एक नाव आणि पावतीवर दुसरं होतं. मी विचारलं सुद्धा, तर तो म्हणाला मालक माझा मामेभाऊ आहे, त्याने मला सही करायला सांगितलंय, आणि मी मान हलवली. गावात मामेभावाच्या सांगण्यावरून कोणी कलमाखालची बांधाएवढी जागासुद्धा लिहून देत नाही.

नावं वेगळी असण्याचं खरं कारणही असू शकतं, कितीतरी बिल्डिंग मालकाच्या वतीने मॅनेजमेंट कंपन्या बघतात. मग कागद मागा. सही करणारा दुसरा असेल तर नोटरी पब्लिककडे झालेलं मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, त्यात भाड्याने द्यायचा आणि पैसे घ्यायचा अधिकार लिहिलाय का ते वाचा, मुदत संपलेली नाही ना ते बघा. कंपनी असेल तर तिचं ट्रेड लायसन्स आणि मालकाशी असलेला करार. "उद्या देतो" म्हणाले तर पैसेही उद्या.

६. पैसे देताना

तिथे अजून भाड्याला पुढच्या तारखांचे चेक चालतात, वर्षाला एक, दोन, चार, कधी बारा. चेकबुक मिळायला बँक खातं लागतं, खात्याला एमिरेट्स आयडी, म्हणून नवीन माणसाला कॅशचा मोह घातला जातो, "कॅश दे, पाच टक्के कमी करतो". नाही म्हणा. तुमचं खातं होईपर्यंत थांबा किंवा बँकेतून थेट मालकाच्या खात्यावर ट्रान्सफर करा. चेकवर नाव पूर्ण लिहा, कोरा ठेवू नका, क्रॉस करा, प्रत्येक चेकचा फोटो काढून ठेवा. खात्यात पैसे नसताना चेक वटायला गेला तर मालक थेट वसुलीला जाऊ शकतो, तेव्हा तारखा पगाराच्या हिशोबाने घ्या.

डिपॉझिट साधारणपणे रिकाम्या घराला वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के आणि फर्निचरसकट घराला १० टक्के. घरात शिरायच्या दिवशी भिंतीचे डाग, तुटकी फरशी, सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकाला ईमेल करा, डिपॉझिट कापायचे वाद इथूनच सुरू होतात.

७. इजारी झाल्याशिवाय सामान हलवू नका

इजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद. खर्च साधारण २०० दिरहमच्या आसपास. फसवणूक पकडायला हिच्यासारखं दुसरं काही नाही, कारण एका घरावर आधीचा करार चालू असेल तर दुसऱ्याची नोंद होत नाही. म्हणजे एकच फ्लॅट चार जणांना दिलेला असेल तर इजारीच्या काउंटरवर ते उघडं पडतं. म्हणून "इजारी कशाला, भाडं कमी करतो" म्हणणाऱ्या मालकापासून लांब राहा. इजारीशिवाय वीज-पाण्याचं खातं, ज्याला तिथे देवा म्हणतात, ते तुमच्या नावावर होत नाही, बायको-मुलांच्या व्हिसालाही तीच लागते. देवाचं डिपॉझिट फ्लॅटला २,००० आणि व्हिलाला ४,००० दिरहम, घर सोडताना परत मिळतं. बिलात म्युनिसिपालिटीची हाउसिंग फी येते, वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के बारा महिन्यांत वाटून, ती बघून घाबरू नका.

शारजात करार तिथल्या म्युनिसिपालिटीकडून अटेस्ट होतो आणि अबुधाबीत नोंदीला तौसीक म्हणतात.

एकदा इजारी झाली की कायदा तुमच्या बाजूनेही आहे. भाडं वाढवायचं असेल तर करार संपायच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं, घर विकायला किंवा स्वतः राहायला हवं म्हणून काढायचं असेल तर १२ महिन्यांची नोटीस, तीही नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने. व्हॉट्सअ‍ॅपवर "महिन्यात खाली कर" म्हटलं म्हणून रडत सामान बांधू नका.

८. विकत घ्यायचं असेल तर

मुंबईत, ठाण्यात, पुण्यात मोठ्या हॉटेलांत दुबईच्या फ्लॅटची प्रदर्शनं लागतात. चहा-नाश्ता, मॉडेल, आणि "आज बुकिंग केलं तरच हा रेट". तिथे चेक लिहू नका. माझं स्पष्ट मत, कलमांची बाग विकून न बांधलेला फ्लॅट घेऊ नका. २००८-०९ च्या मंदीत तिथले कितीतरी प्रोजेक्ट बंद पडले, लोकांचे पैसे वर्षानुवर्षं अडकले. हापूसचं कलम मोठं व्हायला किती वर्षं लागतात ते आपल्याला सांगायला नको.

तरी घ्यायचंच असेल तर बांधकाम चालू असलेल्या घरासाठी तीन गोष्टी. एक, २००७ च्या ८ नंबरच्या कायद्याने प्रत्येक प्रोजेक्टचं वेगळं एस्क्रो खातं, म्हणजे फक्त त्या प्रोजेक्टसाठी राखून ठेवलेलं बँक खातं, असतं, पैसे फक्त त्यातच जायला हवेत, एजंटच्या किंवा बिल्डरच्या दुसऱ्या कुठल्या खात्यात नाहीत. दोन, दुबई रेस्टवर प्रोजेक्टचं नाव टाका, नोंद आहे का, काम किती टक्के झालंय, एस्क्रो खातं कोणत्या बँकेत आहे ते जुळवा. तीन, तुमच्या नावाने ऊकूद झालं पाहिजे, ती अर्धवट बांधलेल्या घराची नोंदणी असते, बिल्डरच्या नुसत्या बुकिंग फॉर्मला तेवढी किंमत नाही.

तयार घर घेताना विक्रेत्याशी फॉर्म एफ या सरकारी नमुन्यावर करार होतो, बिल्डरची एनओसी लागते, म्हणजे सर्व्हिस चार्जची थकबाकी आहे का ते कळतं, आणि व्यवहार रजिस्ट्रेशन ट्रस्टीच्या ऑफिसात होतो, आपल्याकडच्या सब रजिस्ट्रार ऑफिससारखं समजा. मोठी रक्कम तिथेच, मॅनेजर्स चेकने (बँकेने स्वतः काढून दिलेला चेक), विक्रेत्याच्या नावाने. कोणी "आधी अर्धे खात्यात टाका" म्हणालं तर नाही. वरून लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी, एजंटचे साधारण २ टक्के, ट्रस्टीची फी वेगळी, हे आधीच हिशोबात धरा. परदेशी माणसाला मालकी हक्काने घर फक्त ठरवून दिलेल्या फ्रीहोल्ड भागांत घेता येतं, दुबई मरिना, बिझनेस बे, जुमेरा व्हिलेज वगैरे. काही ठिकाणी ९९ वर्षांपर्यंतचा लीजहोल्ड, म्हणजे भाडेपट्टा, असतो आणि सांगताना मात्र "तुमच्या नावावर" असंच सांगतात, तेव्हा कागदावर कोणता शब्द आहे ते वाचा.

"घर घेतलं की गोल्डन व्हिसा" हेही अर्धवट सांगतात. त्याला २० लाख दिरहमची मालमत्ता लागते, कोणत्याही स्टुडिओवर मिळत नाही.

९. भारतातून पैसे नेताना

भारतात राहणाऱ्याने पैसे बँकेतूनच न्यायचे, एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत. १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच घेतलेला कर, कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तेवढी रक्कम हाताशी लागते. "रुपये इथे द्या, दिरहम तिथे देतो" म्हणणारा हवालावाला, त्यात फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, तुम्हीच अडकता आणि पैसे बुडाले तर तक्रारही करता येत नाही. घर झालं की रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवा, लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

इंग्लंडला शिकायला जाणाऱ्यांसाठी एवढंच, तिथे वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, साध्या भाडेकरारात मालकाला ते ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं, घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. जर्मनीत डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. यापेक्षा जास्त मागितलं की सावध व्हा.

जवळ ठेवायचे कागद

तुमचे: पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी, एमिरेट्स आयडी, पगाराचं पत्र, चेकबुक.
मालकाकडून: टायटल डीड, त्याचा आयडी, लागेल तिथे मुखत्यारपत्र.
एजंटकडून: ब्रोकर कार्ड नंबर, कंपनीचं लायसन्स, कमिशनची पावती.
तुमची कॉपी कोणालाही देताना वर आडवं लिहा, "फक्त अमुक फ्लॅटच्या भाडेकरारासाठी" आणि तारीख. तुमच्याच पासपोर्टवर दुसऱ्याला फसवायचे प्रकार होतात.

१०. फसलातच तर

लाज वाटून गप्प बसू नका, मी चार दिवस घरी सांगितलं नव्हतं आणि तेच चार दिवस महत्त्वाचे होते. पैसे भारतातल्या बँकेतून गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा. दुबईत पोलिसांचा ९०१, ऑनलाइन प्रकार असेल तर दुबई पोलिसांच्या ई-क्राइमवर तक्रार. भाड्याचा वाद खऱ्या मालकाशी असेल तर रेंटल डिस्प्यूट्स सेंटर. काय करावं सुचत नसेल तर भारतीय वाणिज्य दूतावासाच्या मदत केंद्राचा टोल फ्री ८०० ४६३४२, तिथे हिंदीत बोलता येतं. चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉक करू नका, स्क्रीनशॉट काढून एक कॉपी घरी पाठवून ठेवा.

आम्ही चौघे मिळून पोलीस स्टेशनला गेलो होतो. तिघांकडे शिक्का मारलेली पावती होती, कॅशची, आणि पावतीवरचं नाव खोटं निघालं. केरळच्या एका मुलाने मात्र पैसे बँकेतून दिले होते, त्याच्या ट्रान्सफरच्या स्लिपवर खातेदाराचं खरं नाव होतं. तक्रार त्या एका स्लिपवर पुढे गेली, आमची नावं त्याच्याखाली जोडली.